चेहरा, उजेड आणि पेन्सिल



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी बैठकीच्या खोलीत आजोबांची अथवा पणजोबांची एक जुनी तसबीर टांगलेली असते. डोक्यावर पगडी, अंगात बंद गळ्याचा कोट, एक हात शेजारच्या तिपाईवर टेकलेला, आणि मुद्रा अशी की हा गृहस्थ जन्मात कधी हसला नसावा. ती पाहून घरातील मुले समजतात की पणजोबा फार करारी होते. ते तसे असतीलही. परंतु त्या करारीपणाचा काही वाटा भिंगाचा असतो, काही वाटा स्टुडिओच्या काचेच्या छपराचा असतो, आणि काही वाटा मानेमागे लपविलेल्या लोखंडी चिमट्याचा असतो. शिवाय कपाळावर एकही आठी नसेल, तर त्याचे श्रेय पणजोबांच्या शांत स्वभावाला द्यावयाचे की कोणा अज्ञात कारागिराच्या पेन्सिलीला, हाही प्रश्न उरतोच.

छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी आपली एक जुनी समजूत आहे. आज मला जे सांगावयाचे आहे ते असे की, माणसाचा चेहरा टिपणारे छायाचित्र पहिल्या दिवसापासून काही खरे आणि काही खोटे असे दोन्ही बोलत आले आहे. त्यातले खरे कोणते आणि खोटे कोणते हे ओळखता यावयाचे, तर ह्या कलेचा इतिहास थोडासा ठाऊक असला पाहिजे.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथे दागेर याची कृती जगापुढे जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सूर्यप्रकाशानेच चित्र उमटवावयाची ही विद्या ऐकून लोक थक्क झाले. आणि त्याच वर्षाअखेर मुंबईच्या वृत्तपत्रांतही तिची हकीकत छापून आली. परंतु ह्या विद्येत एक मोठी अडचण होती. इमारत हलत नाही, माणूस हलतो. सुरुवातीच्या पत्र्यांना चित्र उमटण्यास कित्येक मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ भर उन्हात पापणी न हलविता बसणे योग्यासच शक्य. १८४० साली व्हिएन्ना येथील गणिती पेट्झवाल याने माणसाच्या चेहऱ्यासाठी म्हणून खास भिंग गणिताने सिद्ध केले. आधीच्या भिंगांपेक्षा ते सुमारे सोळा पट अधिक उजेड आत घेत असे. त्यामुळे मिनिटांची सेकंदे झाली आणि चेहऱ्याचे छायाचित्रण हा धंदा होऊ शकला. तरीही मान स्थिर राहावी म्हणून पाठीमागे लोखंडी दांडा उभा करून त्याच्या चिमट्यात डोके अडकवीत. हसू दहा सेकंद टिकत नाही, गंभीर मुद्रा टिकते. आपल्या पूर्वजांच्या गांभीर्याचे एक मोठे कारण हे असे यांत्रिक आहे.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि पत्र्याची जागा काचेने घेतली. काच स्वच्छ धुवावयाची, तिच्यावर कलोडियनचा पातळ थर ओतावयाचा, अंधाऱ्या खोलीत ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, चित्र घेऊन, लगेच धुवावयाची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकले नाही तर काच वाया गेली. कलोडियनमधील ईथर उष्णतेने भराभर उडून जाई. म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काम म्हणजे मोठीच कसोटी होती. परंतु ह्या काचेचा एक लाभ असा की, एका निगेटिव्हवरून कागदावर हव्या तेवढ्या प्रती काढता येत. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी याने एकाच काचेवर आठ लहान चित्रे घेण्याच्या युक्तीचे पेटंट मिळविले, आणि भेटकार्डाएवढी छायाचित्रे स्वस्त झाली. राजाची तसबीर आणि दुकानदाराची तसबीर एकाच आकाराच्या पुठ्ठ्यावर दिसू लागली. चित्रकाराकडून आपली तसबीर काढवून घेणे पूर्वी श्रीमंतांसच परवडे. आता मध्यम वर्गालाही चेहरा मिळाला.

आपल्याकडे ही विद्या किती लवकर आली, हे पाहिले म्हणजे अभिमान वाटतो. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः वैद्य असून उत्तम छायाचित्रकार होते, आणि त्या सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर त्यांनी काम केले. एल्फिन्स्टन संस्थेत त्याच सुमारास छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालविला. म्हणजे ही विद्या येथे साहेबाच्या पेटीतून आली खरी, पण ती पेटी उघडून पाहणारे हात पाच-दहा वर्षांतच आपले होते. गोव्यातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोझा अँड पॉल ह्या फर्मने काढलेली छायाचित्रे आज त्या काळाचा मोलाचा पुरावा ठरली आहेत.

आता उजेडाकडे वळू. विजेचे दिवे नसताना स्टुडिओ म्हणजे माडीवरची एक खोली असे, आणि तिचे छप्पर व एक बाजू काचेची असे. ही काच शक्यतो उत्तरेकडे ठेवीत. कारण उघड आहे. आपल्या गोलार्धात सूर्य बहुतेक वर्षभर दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट येत नाही, आकाशाचा मऊ आणि दिवसभर सारखा उजेड येतो. काचेखाली पांढरे व निळे पडदे दोऱ्यांवर सरकविता येत. एक पडदा ओढला की एका गालावर सावली येई, दुसरा ओढला की डोळ्यांखालचा काळोख जाई. सावलीच्या बाजूस पांढरे कापड ताणलेली चौकट उभी केली की परतलेला उजेड त्या गालास थोडासा उजळून काढी. आजच्या स्टुडिओत दिवे आहेत, छत्र्या आहेत, पण तत्त्व रेसभरही बदललेले नाही.

हे तत्त्व कोणासही घरच्या घरी शिकता येईल. खोलीची एकच खिडकी उघडी ठेवा आणि एखाद्याला तिच्याजवळ बसवा. खिडकी त्याच्या अगदी समोर असेल, तर चेहरा सपाट दिसेल, नाक गालात मिसळून जाईल. ती अगदी बाजूस असेल, तर अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा अंधारात जाईल. ह्या दोहोंच्या मधोमध, आणि डोळ्यांच्या पातळीहून थोडा वरून उजेड आला, म्हणजे नाकाची सावली गालावर तिरपी पडते व सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उमटतो. डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या चित्रांत असा उजेड दिसतो. म्हणून न्यूयॉर्कचा छायाचित्रकार विल्यम कर्ट्झ याने १८६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अशी छायाचित्रे काढली, तेव्हा त्यांस रेम्ब्रांटचेच नाव पडले. दुसरा नियम अंतराचा. दिवा दुप्पट लांब नेला की चेहऱ्यावरचा उजेड निम्मा होत नाही, चतुर्थांश होतो. तिसरी गोष्ट डोळ्यांची. बुबुळात खिडकीचा एक लहानसा चमकता ठिपका दिसला पाहिजे. तो नसला तर उत्तम चित्रही निर्जीव वाटते. चेहरा रुंद असेल तर कॅमेऱ्याकडचा गाल सावलीत ठेवावा, अरुंद असेल तर तोच गाल उजळावा. ह्या मांडणीत पेन्सिल नाही, रंग नाही. तरी एकच माणूस एका उजेडात थकलेला आणि दुसऱ्यात प्रतापी दिसतो. चेहऱ्याविषयीचे पहिले मतप्रदर्शन छायाचित्रकार उजेडानेच करून टाकतो.

१८७७ च्या सुमारास लंडनमध्ये व्हॅन डर वाइड याने विजेच्या कमानी दिव्यावर स्टुडिओ चालवून दाखविला. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची चमकपूड निघाली, आणि १९२९ नंतर काचेच्या बंद गोळ्यात पेटणारा चमकदिवा आला. तेथून पुढे छायाचित्रकार सूर्याच्या मर्जीतून सुटला.

पेन्सिलीची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. आरंभीच्या काचांमध्ये एक जन्मजात दोष होता. त्यांस निळा व जांभळा उजेड दिसे. तांबडा, नारिंगी व पिवळा जवळजवळ दिसतच नसे. ह्याचा परिणाम असा की निळे लुगडे छायाचित्रात पांढरट दिसे, आणि तांबड्या शालूचा काळा होई. कपाळावरचे कुंकू म्हणजे शाईचा ठिपका. मनुष्याच्या कातडीत तांबूस व पिंगट छटा असतात. त्या सर्व काळवंडत. डोळ्यांना दिसतही नाहीत असे वांग आणि डाग काचेवर मात्र देवीच्या व्रणांसारखे उठून दिसत. तेव्हा रिटचिंगचा जन्म केवळ माणसाच्या हौशीतून झाला असे म्हणता येत नाही. यंत्राची दृष्टी अधू होती, आणि ती सुधारण्यास हाताची गरज होती. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेल याने काचेवरच्या थरात विशिष्ट रंग मिसळून तिला हिरवा-पिवळा उजेड दाखविण्याची युक्ती शोधली. सर्व रंग पाहू शकणाऱ्या काचा बाजारात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

परंतु औषध म्हणून आलेली वस्तू व्यसन होते, तसेच येथे झाले. म्युनिकच्या हान्फस्टेंगल याने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती मांडल्या, एक दुरुस्तीपूर्वीची आणि एक दुरुस्तीनंतरची. पाहणाऱ्यांची गर्दी लोटली. गिऱ्हाइकास एकदा दुसरी प्रत दिसली, की पहिली त्याला कशी आवडावी? थोड्याच वर्षांत मोठ्या स्टुडिओंतून रिटचिंगसाठी स्वतंत्र माणसे बसू लागली.

हे काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. उताराच्या मेजाच्या मध्यभागी दुधी काच बसविलेली असे व खाली आरसा असे. खिडकीचा उजेड आरशावरून उसळून निगेटिव्हच्या आरपार येई. निगेटिव्हवर सारे उलटे असते: पांढरे ते काळे, काळे ते पांढरे. म्हणून सुरकुतीची रेघ तेथे पारदर्शक दिसते. ती बुजवावयाची तर काचेवर तेथे काळे भरावयाचे. म्हणजे कागदावर ती जागा उजळ होते. गुळगुळीत काचेवर पेन्सिल धरत नाही, म्हणून आधी राळेचे पातळ रोगण बोटाने चोळीत. मग कठीण शिशाची पेन्सिल सुईसारखी टोकदार करून, स्वल्पविरामाएवढे फटकारे एकाशेजारी एक, हलक्या हाताने मारावयाचे. जोर पडला की डाग पडला. उलट, एखादी जागा कागदावर गडद हवी असेल तर धारदार पात्याने निगेटिव्हवरचा थर खरवडावयाचा. आणि तेथे हात चुकला तर ती काच कायमची गेली. शेवटी कागदावरच्या धुळीचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने भरावयाचे. डोळ्यांची खराबी करणारे हे काम ज्यांनी जन्मभर केले, त्यांचे नाव तसबिरीच्या पुठ्ठ्यावर कधी छापले गेले नाही. तेथे नाव असे ते स्टुडिओच्या मालकाचे.

आपल्या प्रदेशाशी ज्यांचे नाते फार जवळचे, असे ह्या कलेतील थोर पुरुष म्हणजे राजा दीनदयाळ. १८४४ मध्ये सरधना येथे त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकून ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीस लागले, आणि १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीत, हाती कॅमेरा घेतला. महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांस उत्तेजन दिले. मध्य हिंदुस्थानातील वास्तूंची त्यांची छायाचित्रे १८८६ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाली. ग्वाल्हेरचा किल्ला त्यांत आहे. पुढे हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांस दरबारी छायाचित्रकार नेमले, व १८९४ मध्ये 'मुसव्विर जंग राजा बहादूर' हा किताब दिला. सिकंदराबाद, इंदूर आणि १८९६ पासून मुंबई अशा तीन ठिकाणी त्यांचे स्टुडिओ होते. नकाशे काढण्यात मुरलेल्या ह्या माणसाच्या चित्रांत रेषेची शिस्त दिसते. दरबारी मंडळी कितीही असोत, प्रत्येक चेहऱ्याला त्याची जागा आणि त्याचा उजेड मिळालेला असतो.

१८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत एक अपूर्व गोष्ट केली. पडद्यातील स्त्रियांसाठी त्यांनी निराळा जनाना स्टुडिओ काढला आणि त्याची व्यवस्था केनी-लेव्हिक ह्या इंग्रज बाईंकडे सोपविली. उंच भिंतींच्या आत, पुरुषाची दृष्टी न पडता, तेथे बेगमा व सरदारांच्या स्त्रिया कॅमेऱ्यासमोर बसत. कित्येक पिढ्या ज्यांचा चेहरा घराबाहेर कोणी पाहिला नव्हता, त्यांचा चेहरा टिकून राहण्याची सोय झाली. १९०५ मध्ये दीनदयाळ वारले. त्यांच्या संग्रहातील २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या, म्हणून आज आपण त्या पाहू शकतो.

परंतु त्याच काळात ह्याच देशात दुसऱ्या प्रकारचीही चेहऱ्याची छायाचित्रे निघत होती. १८६८ ते १८७५ ह्या काळात सरकारी आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील बहुसंख्य माणसांच्या चेहऱ्याखाली नाव नाही, जात अथवा टोळी लिहिली आहे. मुंबईतील विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ मध्ये मुंबईच्या जातिजमातींवर दोन खंड काढले. त्यात एके ठिकाणी टिपलेली माणसे कापून दुसऱ्याच देखाव्यापुढे बसविली आहेत, जणू ती तेथेच उभी होती. संगणकाच्या शंभर वर्षे आधीची ही जोडाजोड आहे. येथे विचार करण्याजोगी गोष्ट ही की, राजाच्या चेहऱ्यावर पेन्सिल फिरे ती त्याला अधिक राजा करण्यासाठी. आणि गरिबाच्या चित्रावर कात्री चाले ती त्याला केवळ नमुना करण्यासाठी. दोन्ही ठिकाणी बसणाऱ्याचा खरा चेहरा बाजूलाच राहिला.

ह्या प्रवाहाविरुद्ध जाणारेही होते. ज्युलिया मार्गारेट कॅमेरन ही बाई १८१५ मध्ये कलकत्त्यास जन्मली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ मध्ये, मुलीने भेट दिलेला कॅमेरा तिच्या हाती आला. १८६७ मध्ये तिने खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांचे छायाचित्र घेतले. काळ्या पार्श्वभूमीवर, एका बाजूने येणाऱ्या उजेडात, विस्कटलेले पांढरे केस आणि कपाळावरची एकूण एक रेषा त्यात दिसते. त्या सुरकुत्या पुसल्या असत्या, तर आकाशाचा अभ्यास करीत जागून काढलेल्या त्या माणसाच्या रात्री पुसल्या गेल्या असत्या.

आपल्या समाजात पेन्सिलीचा सर्वांत मोठा अन्याय झाला तो मुलींवर. लग्नासाठी दाखवावयाचा फोटो काढण्यास मुलीला स्टुडिओत नेत, आणि रिटचिंग करणाऱ्यास घरचे लोक हळूच सांगत, 'जरा उजळ करा.' यंत्राने सावळा रंग काळा केला होता, तो मूळ सावळेपणावर आणणे ही दुरुस्ती झाली. तो सावळेपणाच पुसून टाकणे ही निराळीच गोष्ट. फोटो पसंत पडे, आणि मग प्रत्यक्ष पाहण्याच्या वेळी मुलीलाच आपल्या फोटोशी स्पर्धा करावी लागे. तिच्या खऱ्या चेहऱ्यात काही उणे आहे, हे तिला त्या कागदाने शिकविले. फोटो रंगविणाऱ्यांच्या कुंचल्यानेही तेच केले.

तरीही ह्या कारागिरांना सरसकट दोष देणे योग्य नव्हे. घरातील एखादे माणूस अकाली गेले, आणि त्याचे निराळे छायाचित्र नाही, असे कितीदा घडे. मग नातेवाईक शाळेचा अथवा वऱ्हाडाचा गट-फोटो घेऊन येत आणि मागच्या रांगेतल्या वाटाण्याएवढ्या चेहऱ्यावर बोट ठेवीत. तो चेहरा मोठा करून, पुसट झालेले डोळे रेखून, खांद्याखाली कोट रंगवून, तो कारागीर एक तसबीर उभी करी. त्यात कोट खोटा असे, पार्श्वभूमी खोटी असे; पण आईला आपला मुलगा ओळखू येई. हे खोटे म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही.

१९९० मध्ये फोटोशॉप हा संगणकाचा कार्यक्रम बाजारात आला, आणि रिटचिंगचे मेज पडद्यावर गेले. त्यातील 'डॉज' आणि 'बर्न' ही साधने अंधाऱ्या खोलीतल्या जुन्या कृतींचीच नावे घेऊन आली. आता तर खिशातला फोन चेहरा टिपता टिपताच कातडी गुळगुळीत करून देतो. पूर्वी पेन्सिल हाती धरणाऱ्यास निदान प्रत्येक सुरकुतीपाशी क्षणभर थांबावे लागे, आणि ही ठेवू की काढू असा विचार करावा लागे. आजच्या यंत्राला थांबावे लागत नाही. म्हणून तो विचार आता आपणच केला पाहिजे.

त्यासाठी एक साधा नियम पुरेसा आहे. जे आठ दिवसांत आपोआप जाणार आहे ते काढावे. जे येण्यास चाळीस वर्षे लागली ते राहू द्यावे. मुरूम, ओरखडा, धुळीचा डाग ही पाहुणी मंडळी आहेत. कपाळाची रेघ, जन्मखूण, कातडीचा वर्ण हे घरचे लोक आहेत. उजेडाने चेहऱ्याचा मान राखावा, पेन्सिलीने त्याचा अपमान करू नये.

आणि एक विनंती. जुने स्टुडिओ बंद पडतात, तेव्हा काचेच्या निगेटिव्ह कित्येकदा धुऊन साध्या काचेच्या भावाने विकल्या जातात. बेळगाव, इंदूर, बडोदे, पणजी अशा गावी कोणाच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, तर ती कोरड्या जागी, काचा उभ्या ठेवून, प्रत्येकीस कागदात गुंडाळून जपावी. घरच्या छायाचित्रांच्या पाठीमागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलकेच नावे लिहावीत. कारण नाव सांगणारे शेवटचे माणूस गेले, की आजीचा चेहराही 'एक स्त्री' एवढाच उरतो. चेहऱ्यांवर पेन्सिल पुष्कळ फिरली. आता ती त्यांच्या पाठीवर, नाव लिहिण्यासाठी, फिरू द्या.